शेतीकामासाठी रिचार्जेबल बॅटरी: प्रकार, निवड आणि काळजी

शेतात आज बॅटरीवर चालणारी किमान तीन-चार साधने असतात. फवारणी पंप, झटका मशीन, ट्रॅक्टर, छाटणीची कात्री, प्रकाश सापळा, रात्री पाणी द्यायला जाताना हातात असलेला टॉर्च. या सगळ्यांची बॅटरी वरून सारखी दिसली तरी आतून वेगळी असते. तिचा चार्जर, तिचे आयुष्य आणि ती ठेवण्याची पद्धतही वेगळी असते. हा फरक लक्षात न घेतल्याने बॅटरी वेळेआधी निकामी होते, तीही नेमकी अळीचा प्रादुर्भाव वाढलेला असताना किंवा पावसाने दोन दिवसांची उघडीप दिलेली असताना.

आमच्या घरच्या पंपाचे असेच झाले होते. रब्बीतील हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली, पंप धुतला आणि अर्धवट उतरलेल्या बॅटरीसह गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवला. जूनमध्ये काढला तेव्हा बॅटरी ९ व्होल्टच्या वर जाईना. ती सव्वा वर्ष जुनी होती आणि जेमतेम ४० वेळा चार्ज केलेली होती. ती कामाने संपली नव्हती, पडून राहिल्याने संपली होती. लहान व मध्यम शेतकऱ्यांकडच्या बहुतेक बॅटऱ्यांची हीच कथा असते. म्हणून बॅटरी निवडताना आधी एक प्रश्न विचारावा: ही वर्षातून किती दिवस चालणार आणि किती दिवस पडून राहणार?

लेबल कसे वाचावे?

व्होल्ट: साधन जितक्या व्होल्टचे असेल तितक्याच व्होल्टची बॅटरी लागते. बहुतेक फवारणी पंप, झटका मशीन आणि ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात.

अँपिअर-तास (एएच): ही बॅटरीची साठवण. ८ एएच म्हणजे १ अँपिअरने ८ तास, असा सरळ हिशेब कागदावर होतो. मात्र शिशाच्या लहान बॅटरीवरचा हा आकडा साधारणपणे २० तासांत सावकाश उतरवून मोजलेला असतो, म्हणजे ८ एएचच्या बॅटरीसाठी ०.४ अँपिअरने. फवारणी पंपाची मोटर त्याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, त्यामुळे प्रत्यक्षात मिळणारी साठवण लेबलपेक्षा कमी भरते.

वॅट-तास: व्होल्ट गुणिले एएच. १२ व्होल्ट, ८ एएच म्हणजे ९६ वॅट-तास. वेगवेगळ्या व्होल्टच्या बॅटऱ्यांची तुलना करायची असेल तर हाच आकडा धरावा.

शिसे-आम्ल (लेड-ॲसिड) बॅटरी

१८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी तयार केलेली ही सर्वांत जुनी रिचार्जेबल बॅटरी. शिशाच्या प्लेटा आणि पातळ गंधकाम्ल यांवर ती चालते. एका सेलचे २ व्होल्ट, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. शेतीत तिचे तीन प्रकार दिसतात.

१) स्टार्टर बॅटरी: ट्रॅक्टर, जीप, जनरेटर यांची. हिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. स्टार्टर फिरवताना काही सेकंद शेकडो अँपिअर देणे हे तिचे काम. त्यानंतर इंजिन चालू असताना तो खर्च भरून निघतो. हीच बॅटरी इन्व्हर्टरला किंवा रात्रभर दिव्याला लावून पूर्ण उतरवली, तर अशा काही डझन वेळांतच ती बाद होते.

२) ट्युब्युलर बॅटरी: इन्व्हर्टर आणि घरगुती सौर संचाची. प्लेटा जाड असतात, सावकाश आणि खोलवर उतरणे तिला सोसते. निम्म्यापर्यंत वापरून पुन्हा भरत गेल्यास हजाराच्या वर फेऱ्या देते. वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते.

३) बंद (सील्ड) बॅटरी: गावात हिला 'सुकी बॅटरी' म्हणतात. आत आम्ल असतेच, पण ते काचतंतूंच्या चटईत किंवा जेलमध्ये धरलेले असते, म्हणून ती आडवी झाली तरी सांडत नाही. पाठीवरच्या पंपात १२ व्होल्ट ८ किंवा १२ एएचची हीच बॅटरी पूर्वापार येते. ८ एएचचे वजन साधारण अडीच किलो. दर वेळी पूर्ण उतरवली तर २०० ते ३०० फेऱ्या, निम्म्यावर चार्जिंगला लावली तर ४०० ते ५०० फेऱ्या मिळतात.

तिन्ही प्रकारांचा शत्रू एकच. बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळते. उतरलेली तशीच आठवडे-महिने ठेवली तर त्याचे कडक खडे बनतात, प्लेटांचा तो भाग कायमचा बंद पडतो आणि साठवण घटते. उन्हाळ्यात हे आणखी लवकर होते. २५ अंशांच्या वर दर १० अंश तापमानवाढीला बंद बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी दुहेरी नुकसान सोसते.

निकेलच्या बॅटऱ्या

निकेल-कॅडमिअम आणि निकेल-मेटल हायड्राइड हे दोन प्रकार लहान टॉर्च, पेन्सिल सेल आणि जुन्या बिनवायरच्या अवजारांत आढळतात. एका सेलचे १.२ व्होल्ट. कॅडमिअम विषारी असल्याने नवीन साधनांत त्याचा वापर घटला आहे. निकेल-मेटल हायड्राइडचा दोष म्हणजे साधे सेल न वापरताही महिन्याला २० ते ३० टक्के उतरतात. टॉर्चसाठी असे सेल घेताना कमी गळती असलेला प्रकार मागावा.

लिथियम बॅटऱ्या

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना याच संशोधनासाठी मिळाले. 'लिथियम' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे.

१) लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी): सेल ३.२ व्होल्टचा. चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात, म्हणून १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीच्या जागी हीच सर्वांत जवळची. उष्णता तुलनेने चांगली सोसते, पेट घेण्याचा धोका इतर लिथियमपेक्षा कमी. चांगल्या सेलकडून २,००० किंवा अधिक फेऱ्यांची अपेक्षा असते.

२) एनएमसी (निकेल, मँगनीज, कोबाल्ट): सेल ३.६ ते ३.७ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. त्याच वजनात सर्वांत जास्त साठवण, म्हणून छाटणीची कात्री, कडबा-गवत कापण्याची हातातील यंत्रे आणि मोबाइल यांत वापरतात. फेऱ्या साधारण ५०० ते १,०००. कात्रीवर लिहिलेले '२१ व्होल्ट' म्हणजे पाच सेलांचे पूर्ण चार्जचे व्होल्ट (५ × ४.२). तीच बॅटरी दुसरा विक्रेता '१८ व्होल्ट' म्हणून विकतो. केवळ आकडा मोठा म्हणून जास्त पैसे देऊ नयेत.

३) लिथियम पॉलिमर: फवारणी ड्रोनची. थोड्या मिनिटांत प्रचंड प्रवाह देते, पण सर्वांत नाजूक आहे. ठोकर, पूर्ण उतरणे किंवा पूर्ण भरून ठेवणे यांनी फुगते.

तिन्हींच्या आत बहुधा एक नियंत्रण पट्टी (बीएमएस) असते. ती सेल जास्त भरू किंवा जास्त उतरू देत नाही. ड्रोनच्या काही बॅटऱ्यांत ही सोय नसते, तिथे जबाबदारी चार्जरवर आणि चालकावर येते.

थोडक्यात तुलना

* दर किलो वजनामागे साठवण: शिसे ३० ते ४० वॅट-तास, निकेल-मेटल हायड्राइड ६० ते १००, एलएफपी ९० ते १६०, एनएमसी १५० ते २५०.
* दर वेळी वापरता येण्याजोगा हिस्सा: शिसे सुमारे निम्मा, एलएफपी ८० ते ९० टक्के.
* पडून राहिल्यास महिन्याला उतरणे: शिसे ३ ते ५ टक्के, उन्हाळ्यात जास्त, लिथियम २ ते ३ टक्के.
* ठेवताना स्थिती: शिसे पूर्ण भरलेली, लिथियम निम्म्याच्या आसपास.
* सुरुवातीची किंमत: शिसे कमी, लिथियम जास्त.

कोणत्या कामाला कोणती बॅटरी?

फवारणी पंप: आधी आपली गरज मोजावी. एकरी २०० लिटर पाणी धरले तर १६ लिटरचे साधारण साडेबारा पंप होतात. एक पंप संपायला ८ मिनिटे लागली तर मोटर १०० मिनिटे चालते. मोटर २.५ अँपिअर ओढत असेल तर खर्च ४.२ एएच. म्हणजे ८ एएचची शिशाची बॅटरी निम्मी उतरवून एका चार्जिंगमध्ये एक एकर आरामात होतो. दोन एकर करता येतील, पण बॅटरीच्या आयुष्यातून उसने घेऊन. एलएफपीची ६ एएच (७७ वॅट-तास) बॅटरी वजनाला निम्म्याहून कमी असूनही जवळपास तेवढेच किंवा जास्त काम देते, कारण ती बरीच खोलवर वापरता येते. 'डबल मोटर' पंपाचा प्रवाह जास्त असतो. त्याला लिथियम बॅटरी घेताना तिची नियंत्रण पट्टी तेवढा प्रवाह देते का, हे विचारावे. नाहीतर खटका दाबताच बॅटरी स्वतःला बंद करते आणि दोष पंपाचा वाटतो.

झटका मशीन: रानडुक्कर, रोही यांच्यासाठी लावलेले यंत्र रात्रभर थोडा-थोडा प्रवाह घेते आणि दिवसा सौर पॅनेल ते भरून काढते. समजा यंत्र सरासरी ०.२ अँपिअर घेते, तर १२ तासांच्या रात्रीत २.४ एएच लागतात. पावसाळ्यात सलग तीन रात्री सूर्याविना काढायच्या तर ७.२ एएच. शिशाची बॅटरी निम्मीच उतरवायची म्हणून किमान १५ एएच घ्यावी. ७ एएचवर चालवलेले मशीन मका दुधात असताना, नेमक्या ढगाळ आठवड्यात थंड पडते. बॅटरी उतरली म्हणून कुंपणाच्या तारेला घरचा वीजप्रवाह कधीही जोडू नये. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा आणि मर्यादित शक्तीचा असतो, थेट वीज माणसाचा जीव घेते. असे करणे गुन्हाही आहे.

ट्रॅक्टर: स्टार्टर बॅटरीच ठेवावी. पेरणीनंतर ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर ऋण टोकाची वायर सोडावी किंवा आठवड्यातून एकदा अर्धा तास इंजिन चालवावे.

द्राक्ष, डाळिंब छाटणी: एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीत कात्री दिवसभर चालते. दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापराव्यात. गरम झालेली बॅटरी सावलीत थंड झाल्यावरच चार्जिंगला लावावी.

ड्रोन: एका बॅटरीवर भार घेऊन साधारण १० ते १५ मिनिटे उड्डाण होते. त्यामुळे ड्रोनचा खर्च काढताना अनेक बॅटरी संच आणि त्यांची झीज धरावीच लागते.

सौर कृषी पंप: 'सौर पंपाला बॅटरी किती मोठी लागेल?' असे अनेक जण विचारतात. या पंपांना सहसा बॅटरी नसते, ते पॅनेलवरून कंट्रोलरमार्फत थेट चालतात. कारण हिशेबातच दिसते. ३ एचपी म्हणजे सुमारे २.२ किलोवॅट, चार तास चालवायला जवळपास ९ युनिट. १२ व्होल्ट १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटरीत १.८ युनिट, वापरण्याजोगे ०.९. म्हणजे तशा दहा बॅटऱ्या लागतील. त्यापेक्षा दिवसा उपसून टाकीत किंवा शेततळ्यात पाणी साठवणे स्वस्त आणि टिकाऊ.

शिसे की लिथियम?

वर्षातील चार्जिंगचे दिवस मोजा. चार-पाच एकर सोयाबीन-तूर-हरभरा करणाऱ्या शेतकऱ्याची बॅटरी वर्षात ३० ते ४० वेळा चार्ज होते. कागदावर ३०० फेऱ्यांची शिशाची बॅटरीसुद्धा त्याला सात-आठ वर्षे पुरायला हवी. प्रत्यक्षात ती वयोमानानेच तीन-चार वर्षांत थकते, आणि हयगय झाली तर एकाच उन्हाळ्यात. अशा शेतकऱ्याने २,००० फेऱ्यांच्या दाव्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण त्या फेऱ्या कधी वापरल्याच जाणार नाहीत. पाठीवरचा भार कमी हवा असेल तर लिथियम जरूर घ्यावी.

उलट जो भाजीपाला करतो, किंवा ठेक्याने गावभर फवारणी करतो, त्याच्या बॅटरीच्या वर्षाला २०० फेऱ्या होतात. शिशाची बॅटरी त्याला दीड-दोन वर्षांत बदलावी लागते. त्याच्यासाठी एलएफपी महाग असूनही स्वस्त पडते.

चार्जर बदलू नये

पंपात लिथियम बॅटरी बसवली आणि जुनाच चार्जर वापरला, ही सर्वांत धोकादायक चूक. शिशाच्या १२ व्होल्ट बॅटरीचा चार्जर १४.४ व्होल्टच्या आसपास जातो. तीन सेलांच्या एनएमसी संचाची कमाल मर्यादा १२.६ व्होल्ट. म्हणजे प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी ४.८ व्होल्ट येऊ शकतात आणि मध्ये फक्त नियंत्रण पट्टी उभी असते. ती बिघडली तर बॅटरी फुगते, पेट घेऊ शकते. बॅटरी आणि चार्जर जोडीनेच घ्यावेत आणि चार्जरवर रंगाने खूण करून ठेवावी.

बिनहंगामात बॅटरी कशी ठेवावी?

* शेवटच्या फवारणीनंतर पंप स्वच्छ धुवावा, चार्जिंगचे भोक कोरड्या कापडाने पुसावे. औषधाच्या अंशाने तांब्याची टोके हिरवी पडतात.
* शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करूनच ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. तारखा लक्षात राहत नसतील तर सण लक्षात ठेवावेत: दिवाळी, संक्रांत, होळी, अक्षय्य तृतीया. पुढे मृग लागेपर्यंत बॅटरी तयार असते.
* लिथियम बॅटरी ४० ते ६० टक्के भरून ठेवावी, तीन-चार महिन्यांनी तपासावी. ड्रोनची बॅटरी दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावी.
* जागा सावलीची, कोरडी, हवेशीर असावी. पत्र्याखाली किंवा चुलीजवळ ठेवू नये.
* पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटा खराब करतात. वरून आम्ल कधीही घालू नये.
* शिशाची बॅटरी चार्ज करून काही तास तशीच ठेवून मीटरने मोजावी. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ च्या आसपास निम्मी, ११.८ च्या खाली रिकामी. पूर्ण चार्जिंगनंतरही १२ च्या खाली घसरत असेल तर बदलण्याची वेळ आली. लिथियमसाठी हे आकडे लागू नाहीत.

सुरक्षितता आणि जुनी बॅटरी

* पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी, काडी, ठिणगी नको.
* आम्ल अंगावर उडाल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास तसेच धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.
* लिथियम बॅटरी कडब्याच्या गंजीजवळ, अंथरुणाजवळ किंवा रात्रभर झोपेत चार्जिंगला लावू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये, दाबू नये.
* जुनी बॅटरी बांधावर, विहिरीजवळ किंवा उकिरड्यात टाकू नये. शिसे मातीतून आणि धुळीतून शरीरात जाते, लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त धोका असतो. शिशासाठी बॅटरी घरी फोडणे किंवा वितळवणे तर अजिबात नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकाने त्या इतर कचऱ्यात न मिसळता संकलन करणाऱ्याकडे द्याव्यात. नवीन घेताना जुनी शिशाची बॅटरी दुकानात दिल्यास बहुतेक ठिकाणी किमतीत सूटही मिळते.

खरेदीआधी तपासावे

१) साधनाचे व्होल्ट आणि मोटरचा प्रवाह. २) वर्षातील चार्जिंगचे दिवस. ३) बॅटरी नेमक्या कोणत्या प्रकारची, फक्त 'लिथियम' असे उत्तर पुरेसे नाही. ४) तिच्यासोबतचा योग्य चार्जर. ५) उत्पादनाचा महिना: शिशाची बॅटरी सहा महिन्यांहून जास्त काळ दुकानात पडून असेल तर मोजून घ्यावी, कारण तिथेही ती उतरतच असते. ६) पक्के बिल आणि हमीपत्र.

आपल्या पंपाची बॅटरी सध्या पडून असेल तर आजच तिचे व्होल्ट मोजावेत आणि शिशाची असल्यास चार्जिंगला लावावी.